दांडा फिरावा, पाणी थांबावं

एकलहऱ्याला समुद्र नाही. नाशिकरोड मागे टाकलं की औष्णिक वीजकेंद्राच्या चिमण्या दिसायला लागतात, बाजूने गोदावरी वाहत असते, आणि मासेमारीचा सगळ्यात जवळचा ट्रॉलर घाट उतरून शंभराहून जास्त किलोमीटरांवर, पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्याला लागलेला असतो. तरीही बोटीच्या पंख्याच्या दांड्याला कोणतं ग्रीस घालावं, हा प्रश्न मी एकलहऱ्यापासून सुरू करणार आहे. भिंतीतून बाहेर येणारे इतक्या तऱ्हांचे फिरते दांडे एका कुंपणाच्या आत क्वचितच बघायला मिळतात.

इथले १४० मेगावॅटचे पहिले दोन संच १९७० च्या आसपास सुरू झाले. ते आता निवृत्त आहेत. १९७९ ते १९८१ या काळात आलेले २१० मेगावॅटचे तीन संच, म्हणजे एकूण ६३० मेगावॅट, हा महानिर्मितीच्या या केंद्राचा आजचा संसार. अशा संचात टर्बाइन आणि जनित्र एका ओळीत जोडलेली असतात आणि दांडा मिनिटाला ३००० फेरे घेतो, कारण आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनांची आहे. दांडा टर्बाइनच्या पोटातून बाहेर येतो तिथे आतली वाफ बाहेर पडू द्यायची नाही, आणि कमी दाबाच्या टोकाला बाहेरची हवा आत शिरू द्यायची नाही. तिथे धातूच्या बारीक दात्यांच्या रांगांमध्ये वाफच सोडून वाट अडवतात. पुढे जनित्र. त्याच्या आत हवेऐवजी हायड्रोजन भरलेला असतो. हवेच्या सुमारे चौदाव्या हिश्श्याइतका हलका, म्हणून रोटरला विरोध कमी. आणि उष्णता वाहून नेण्यात हवेपेक्षा कितीतरी सरस. पण हवेत त्याचं प्रमाण ४ ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान झालं की एका ठिणगीचा अवकाश. म्हणून दांड्याभोवतीच्या कड्यात हायड्रोजनपेक्षा थोड्या जास्त दाबाने तेल सोडतात. गळायचंच झालं तर तेल आत गळेल, हायड्रोजन बाहेर येणार नाही.

या दोन्ही ठिकाणी ग्रीसचं नाव नाही. का नाही, ते एका साध्या हिशेबात कळतं. वाट अडवणाऱ्या या कड्यापाशी, म्हणजे सीलपाशी, दांड्याचा व्यास ४०० मिलिमीटर धरला, तर ३००० फेऱ्यांना त्याचा पृष्ठभाग सेकंदाला ६० मीटरहून जास्त वेगाने धावतो. त्या घर्षणाची उष्णता सतत वाहून न्यावी लागते. ते काम वाहणाऱ्या तेलाचं. ग्रीस वाहत नाही, एका जागी बसतं. तेच त्याचं वैशिष्ट्य आणि तीच त्याची मर्यादा. आता मच्छीमार बोट घ्या. दांडा ५० मिलिमीटरचा, गिअरबॉक्सनंतर फेरे मिनिटाला ६०० धरू. पृष्ठभागाचा वेग सेकंदाला जेमतेम दीड मीटर, म्हणजे माणूस झपझप चालेल तेवढा. दाबाचंही तसंच. जनित्रातला हायड्रोजन दर चौरस सेंटिमीटरला साडेतीन किलोच्या आसपास दाबाने बाहेर यायला बघतो. बोटीचा दांडा पाण्याखाली एक मीटर असेल तर तिथलं पाणी फक्त १०० ग्रॅमचा दाब देतं.

वेग आणि दाब या दोन्ही कसोट्यांवर बोटीचं सील हे अगदी सोपं काम आहे. मग ते इतक्या वेळा बिघडतं कसं? कारण त्याचे शत्रू वेगळे आहेत: मीठ, वाळू आणि रिकामा वेळ. वीजकेंद्रातला दांडा महिनोन् महिने फिरत राहतो. बोटीचा दांडा काही तास फिरतो आणि मग बंदरात, खाडीच्या गाळात, दिवसचे दिवस तसाच उभा राहतो. बोटीसाठी ग्रीस निवडताना पहिला विचार करायचा तो या उभ्या राहण्याचा. बहुतेक लोक ‘जास्त गुळगुळीत कोणतं’ असं विचारतात. दुकानदाराला विचारायचा प्रश्न तो नाही.

बोटीच्या सीलचा सख्खा भाऊ एकलहऱ्यासारख्या केंद्रात भेटतो तो पंपघरात. पाण्याच्या पंपाचा दांडा कवचातून बाहेर येतो तिथे एक छोटी पेटी असते. तिच्यात दांड्याभोवती चौकोनी पिळाच्या दोरीची कडी एकामागे एक बसवलेली असतात आणि पुढून एक कॉलर दोन नटांनी आवळून ती दाबून धरते. कडी दबली की आडवी फुगतात आणि दांड्याला बिलगतात. या सगळ्या प्रकरणाला कारखान्यात आणि बंदरात दोन्हीकडे ग्लँड म्हणतात, आणि दोरीला पॅकिंग. ही दोरी पूर्वी अंबाडीसारख्या धाग्यांची, चरबीत भिजवलेली असे. आता बहुधा टेफ्लॉन किंवा तशाच कृत्रिम धाग्यांची असते. बोटीत हीच पेटी मागच्या नळीच्या आतल्या तोंडाशी बसते. त्या नळीतून दांडा बाहेर पाण्यात जातो आणि त्याच्या टोकाला पंखा.

ग्लँडबद्दल नवख्या माणसाला पटत नाही अशी एक गोष्ट म्हणजे तिने थोडं गळायला हवं. दांडा फिरत असताना मिनिटाला काही थेंब पडले पाहिजेत. ते थेंब पॅकिंग आणि दांडा यांच्यामधून येताना तिथली उष्णता घेऊन येतात. एकही थेंब पडत नसेल तर दोन शक्यता: पॅकिंग नवं आणि उत्तम आहे, किंवा कोणीतरी नट जरुरीपेक्षा जास्त आवळलेत. दुसरी शक्यता जास्त वेळा खरी निघते. ग्लँडला हात लावून बघावा. कोमट लागली तर ठीक, चटका बसला तर नट सैल करायला हवेत. आवळलेलं कोरडं पॅकिंग करपून कडक होतं आणि मग कानशीसारखं दांड्यालाच खाऊ लागतं. दांड्यावर एकदा खाच पडली की कितीही महागडं पॅकिंग घाला, कोणतंही ग्रीस कोंबा, पाणी त्या खाचेतून येणारच. मग दांडा लेथवर न्यावा लागतो.

राखेचे पंप हा याहून शिकण्यासारखा नमुना. कोळसा जळून उरलेली राख पाण्यात कालवून नळाने वाहून नेतात, तेव्हा पंपाला राखेचा घट्ट रबडा ढकलावा लागतो. ती राख ग्लँडमध्ये शिरली तर पॅकिंगचं आणि दांड्याचं काही खरं नाही. म्हणून पॅकिंगच्या कड्यांच्या बरोबर एक पोकळ, भोकांचं कडं बसवतात आणि त्यातून स्वच्छ पाणी आतल्या रबड्यापेक्षा जास्त दाबाने सोडतात. स्वच्छ पाणी सतत आतल्या बाजूला जात राहतं, त्यामुळे राख उलट बाहेर येऊ शकत नाही. बोटीत या स्वच्छ पाण्याच्या जागी ग्रीस येतं. ग्लँडवर ग्रीसची वाटी किंवा निप्पल असतं, त्याची वाट त्याच पोकळ कड्यात उघडते. वाटीचं झाकण थोडं फिरवलं की ग्रीस पॅकिंगच्या मध्यात शिरतं, आणि बाहेरच्या वाळूच्या कणाला आत यायचं तर आधी त्याला ढकलावं लागतं.

म्हणजे या ग्रीसची कामं अशी आहेत. बोट उभी असताना दांडा आणि पॅकिंग यांमधली फट भरून ठेवणं. वाळू, गाळ रोखणं. पोलादाला खारं पाणी भिडू न देणं. आणि बोट सुरू होताना, पहिले थेंब यायच्या आधीच्या काही फेऱ्यांत, पॅकिंग कोरडं घासू न देणं. थंड करणं या यादीत नाही. ते पाण्याकडेच ठेवायचं. गळती थांबावी म्हणून झाकण फिरवत राहून ग्लँड ग्रीसने ठासून भरणारे खलाशी पाण्याची ती वाटच बुजवतात, आणि मग ग्लँड तापली म्हणून आणखी ग्रीस भरतात.

स्टेनलेस दांड्याबद्दल इथेच एक सांगून टाकतो, कारण ‘स्टेनलेसला गंज कुठला’ म्हणून लोक निश्चिंत असतात. स्टेनलेस पोलादावर ऑक्सिजनमुळे एक अतिशय पातळ थर बनतो आणि तोच त्याला वाचवतो. ओल्या पॅकिंगखाली पाणी साचून राहिलं की तिथला ऑक्सिजन संपतो, थर तुटला तर पुन्हा बनत नाही, आणि खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड बारीक खड्डे पाडू लागतं. हे घडतं ते बोट बंदरात उभी असतानाच. बाहेरून चकचकीत दिसणारा दांडा पॅकिंगच्या पट्ट्यात तेवढा भोकाभोकांचा झालेला असतो. फटीत पाण्याऐवजी ग्रीस असेल तर ही भानगड बरीच टळते.

आता ग्रीस म्हणजे काय ते बघू. डब्यातला तो लगदा म्हणजे मुख्यतः तेल असतं. वजनाने सत्तर ते पंचाण्णव टक्के. त्याला धरून ठेवायला साबण, आणि थोडी इतर रसायनं. साबण हा शब्द मी सैलपणे वापरत नाही. ग्रीसमधला घट्ट करणारा पदार्थ बहुतेक वेळा खरोखरचा साबण असतो: चरबीतलं आम्ल आणि एखाद्या धातूचा क्षार यांचा संयोग. या साबणाच्या सूक्ष्म तंतूंचं जाळं तेल अडकवून ठेवतं. दाब पडला, घासलं गेलं की तेल थोडं थोडं बाहेर सुटतं. साबणात धातू कोणता, यावर त्या ग्रीसचं पाण्याशी कसं जमेल हे ठरतं.

अंघोळीचा साबण सोडियमचा. तो पाण्यात विरघळतो, फेस होतो, म्हणूनच आपण तो वापरतो. सोडियमचं ग्रीसही तसंच पाण्यात मिसळतं, दुधाळ होतं आणि धुऊन जातं. कोरड्या, गरम जागी त्याने एके काळी चांगली सेवा केली. बोटीच्या ग्लँडमध्ये त्याला स्थान नाही.

कॅल्शियमचा साबणही तुमच्या घरात असतो, फक्त तुम्ही तो विकत आणलेला नसतो. नाशिक-निफाडकडच्या अनेक विहिरी आणि बोअरचं पाणी जड आहे. त्या पाण्यात साबणाला फेस येत नाही. उलट बादलीच्या कडेला, मोरीच्या फरशीवर एक चिकट पांढरट थर बसतो, जो नुसत्या पाण्याने जाता जात नाही. पाण्यातल्या कॅल्शियमने साबणातल्या सोडियमची जागा घेतली आणि पाण्यात न विरघळणारा कॅल्शियमचा साबण तयार झाला, तो हा थर. गृहिणीला ज्या गुणामुळे तो नको असतो, त्याच गुणामुळे बोटवाल्याला तो हवा असतो. जुनं, स्वस्त, पिवळसर कप ग्रीस म्हणजे चुन्यापासून केलेलं कॅल्शियमचं ग्रीस. पाणी त्याला सहजासहजी काढू शकत नाही. कमतरता एकच: त्याचं जाळं टिकायला त्यात थोडं पाणी असावं लागतं. साधारण ६० अंशांच्या वर ते सतत राहिलं की ते पाणी उडत जातं आणि तेल-साबण वेगळे होतात. चाकाच्या बेअरिंगला ते चालत नाही ते यामुळे. पण बोटीची ग्लँड ६० अंशांना पोहोचली असेल तर प्रश्न ग्रीसचा उरलेलाच नसतो. पाण्याशिवाय टिकणारं कॅल्शियमचं सुधारित ग्रीसही मिळतं, ते १०० अंशांच्या पुढेही तग धरतं.

सध्या बाजारात सगळ्यात जास्त खपतं ते लिथियमचं ग्रीस. अमेरिकेत क्लॅरेन्स अर्ल याच्या नावावर १९४२ मध्ये त्याची पेटंट नोंदली गेली, आणि युद्धाच्या काळात विमानांच्या थंडी-गरमीत टिकणारं वंगण म्हणून त्याचा बोलबाला झाला. लिथियमच्या साबणासाठी जे आम्ल लागतं ते मुख्यतः एरंडेल तेलापासून बनतं. एरंडाच्या उत्पादनात भारत जगात पहिला, आणि त्यातला मोठा वाटा गुजरातचा. आपल्याकडे बैलगाडीच्या आसाला एरंडेल घालत. तेच एरंडेल रसायनाच्या कारखान्यातून फिरून आता मोटारीच्या बेअरिंगमध्ये बसतं. लिथियमचं ग्रीस १८० अंशांच्या आसपास वितळतं आणि बेअरिंगला उत्तम. पाण्याच्या बाबतीत मात्र ते मध्यम. थोडं पाणी पोटात घेतं, मऊ पडतं, आणि सतत पाण्याच्या माऱ्यात हळूहळू निघून जातं. ‘हे सगळीकडे चालतं’ असं सांगून विकलं जाणारं ग्रीस बहुधा हेच असतं. अडीनडीला ते ग्लँडमध्ये घालायला हरकत नाही. पण चार महिने खाडीत उभ्या राहणाऱ्या बोटीसाठी मी ते निवडणार नाही.

खाऱ्या पाण्यासाठी आज सगळ्यात भरवशाचं म्हणजे कॅल्शियम सल्फोनेट कॉम्प्लेक्स. यात जाळ्याच्या आतच कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे चुनखडीचेच, अतिसूक्ष्म कण असतात. ते भार पेलतात, गंज रोखतात, आणि इतर ग्रीसला जे गुण वेगळी रसायनं मिसळून द्यावे लागतात ते याच्यात मुळातच असतात. वितळण्याचा बिंदू ३०० अंशांच्या वर. जहाजं, कागद कारखाने, पोलाद कारखाने, जिथे जिथे पाणी आणि भार एकत्र येतात तिथे याचा वापर वाढतो आहे. बॅटऱ्यांमुळे लिथियमचे भाव चढले तेव्हा ग्रीस बनवणाऱ्यांनी कॅल्शियमकडे पुन्हा वळून बघितलं, त्याचाही याला हातभार लागला. किंमत जास्त आहे. पण ग्लँडला वर्षभरात लागणाऱ्या ग्रीसचा खर्च दांडा लेथवर नेण्याच्या खर्चापुढे काहीच नाही.

डब्यावर ‘२’ हा आकडा असतो. तो दर्जाचा नाही, घट्टपणाचा. पंचवीस अंशांना, साठ वेळा घोटलेल्या ग्रीसवर ठरावीक वजनाचा शंकू पाच सेकंद सोडतात; तो २६५ ते २९५ दशांश मिलिमीटर रुतला तर ते २ क्रमांकाचं. १ क्रमांकात तो ३१० ते ३४० रुततो, ३ मध्ये २२० ते २५०. आपल्या हवेत ग्लँडला २ क्रमांक बहुतेक वेळा बरोबर असतो. वाटीपासून पॅकिंगपर्यंतची नळी लांब आणि अरुंद असेल तर १ बरा, नाहीतर ग्रीस नळीतच अडकून राहतं आणि झाकण फिरवणाऱ्याला वाटतं काम झालं. जुन्या, सैल झालेल्या ग्लँडला ३ घालून गळती झाकण्याची युक्ती अनेक जण करतात. पॅकिंग बदलणं पुढे ढकलायची ती सबब आहे.

डब्यामागच्या माहितीपत्रकात आणखी दोन चाचण्या शोधाव्यात. पाण्याने धुऊन जाण्याच्या चाचणीत बेअरिंगमध्ये ग्रीस भरून ते फिरवत तासभर पाण्याचा फवारा मारतात आणि किती टक्के ग्रीस गेलं ते मोजतात. आकडा जितका लहान तितकं चांगलं. मात्र ती किती तापमानाला केली तेही बघायचं, कारण ३८ अंशांचा आकडा आणि ७९ अंशांचा आकडा यांची तुलना होत नाही. दुसरी एमकोर नावाची गंजाची चाचणी. तिचा निकाल ० ते ५ असा देतात आणि ० म्हणजे गंज नाही. ती साध्या शुद्ध पाण्यात केली की मिठाच्या, हे समुद्रावरच्या माणसाने वाचलंच पाहिजे. रंगाकडे मात्र बघायचं नाही. निळं ग्रीस समुद्राचं, लाल गरमीचं, हा समज दुकानांनी आणि जाहिरातींनी रुजवला आहे. रंग हा रंग असतो, तो कारखान्यात मिसळतात.

काळ्या ग्रीसबद्दल वेगळं सांगायला हवं. ते बहुतेक ग्रॅफाइटचं नाहीतर मॉलिब्डेनमचं असतं. ग्रॅफाइट वीज वाहून नेतं आणि खाऱ्या पाण्यात ते ब्राँझ किंवा पोलादाच्या शेजारी बसला की दोघांची मिळून एक छोटी बॅटरी तयार होते. तिच्यात झिजतो तो धातू. नदीच्या गोड्या पाण्यातल्या पंपाला ग्रॅफाइटचं पॅकिंग वर्षानुवर्षं चालतं, म्हणून तेच रत्नागिरीच्या ट्रॉलरला चालेल असं नाही. मॉलिब्डेनम जड भाराच्या, हळू सरकणाऱ्या भागांसाठी बनवलेलं आहे. ग्लँडमध्ये भार कुठे असतो?

इथपर्यंत सगळं दोरीच्या पॅकिंगचं झालं. नव्या बोटींमध्ये, विशेषतः फायबरच्या प्रवासी आणि हौशी बोटींमध्ये, रबरी ओठांचं सील दिसतं. दांड्याला रबराचे दोन-तीन ओठ बिलगतात आणि थेंबही पडू देत नाहीत. इथे ग्रीस लागतं अगदी थोडं, ओठांच्या मधल्या जागेत, वर्षातून एखाद्या वेळी. किती, ते बनवणाऱ्याच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं आणि ते चमचाभरही नसतं. पण निवडीत चूक झाली तर नुकसान मोठं, कारण प्रश्न रबराचा. नायट्राइल रबराला खनिज तेलाचं ग्रीस चालतं. ईपीडीएम नावाच्या रबराला ते चालत नाही; रबर तेल पिऊन फुगतं, मऊ होतं, ओठ उलटतो. मोटारीच्या ब्रेकमध्ये खनिज तेलाचा थेंबही जाऊ देत नाहीत, ते तिथलं रबर याच जातीचं असतं म्हणून. अशा रबराला सिलिकोनचं ग्रीस. बोट पाण्यात उतरवल्यावर हे सील हाताने दाबून आतली हवा काढायची असते, पाणी यायला लागेपर्यंत. ते राहिलं तर ओठ कोरडे फिरतात, आणि मग दोष ग्रीसला दिला जातो.

आणि तिसरा प्रकार: कार्बनचं कडं आणि पोलादाचं कडं एकमेकांवर सपाट घासतात, मागे रबराचा भाता त्यांना दाबून धरतो. इथे ग्रीस मुळीच घालायचं नाही. दोन तोंडांमधली पाण्याची पातळ चकती हेच तिथलं वंगण. बाहेरच्या बाजूला पंख्याजवळ दांडा ज्या पन्हळीच्या रबरी बेअरिंगवर टेकतो, तिथेही पाणीच. ही कल्पना जुनी आहे. वाफेच्या जहाजांना पंखे आले तेव्हा मागची धातूची बेअरिंगं भराभर झिजू लागली. १८५४ मध्ये लंडनजवळच्या ग्रीनिचच्या जॉन पेनने तिथे लिग्नम व्हिटी या अत्यंत कठीण आणि अंगातच राळेचा चिकटपणा असलेल्या लाकडाच्या पट्ट्या बसवल्या आणि पट्ट्यांमधून समुद्राचं पाणी खेळू दिलं. पंख्याची जहाजं महासागरात बिनघोर जाऊ लागली त्यात या लाकडाचा वाटा मोठा आहे.

कोकणात या सगळ्याचा हंगाम ठरलेला. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनपासून मासेमारी बंद होते. बोटी वर ओढतात, शाकारतात, आणि मिरकरवाड्यापासून ससून डॉकपर्यंत इंजिनांची, पंख्यांची, दांड्यांची कामं निघतात. नारळी पौर्णिमेच्या आत बोट तयार पाहिजे. पॅकिंग बदलायची हीच वेळ. जुनी कडी हुकाने पूर्ण उपसून काढायची, तळातलं शेवटचं कडंही. नवी कडी दांड्यावर मापून तिरकी कापायची आणि प्रत्येकाचा सांधा आधीच्या सांध्यापासून फिरवून बसवायचा. पोकळ कडं होतं त्याच ठिकाणी परत बसलं नाही तर ग्रीसची वाट पॅकिंगच्या पाठीवर उघडते आणि वर्षभर भरलेलं ग्रीस कुठेच पोहोचत नाही. सुरुवातीला नट हातानेच आवळायचे. बोट पाण्यात गेल्यावर तास-दोन तास चालवून मग पान्याने थोडे थोडे.

अनोळखी ग्रीसची परीक्षा नाखव्याला अंगणात घेता येते. सुपारीएवढा गोळा खाऱ्या पाण्याच्या पेल्यात बोटांनी मळायचा. पाणी दुधाळ झालं, गोळा सैल पडून बोटाला निसरडा लागू लागला, तर ते ग्रीस ग्लँडचं नाही. गोळा गोळाच राहिला, पाणी त्याच्यावरून थेंब होऊन ओघळलं, तर पुढची पायरी: साध्या पोलादाची घासून स्वच्छ केलेली पट्टी, अर्ध्या भागावर ग्रीसचा हात, आणि आठवडाभर मिठाच्या पाण्यात. प्रयोगशाळेची अचूकता यात नाही, पण वाईट ग्रीस हमखास पकडलं जातं.

एक बाजू राहते ती पाण्याची. ग्लँडमध्ये घातलेलं ग्रीस शेवटी जातं कुठे? बरंचसं नळीतून बाहेर, नदीत नाहीतर समुद्रात. अमेरिकेने डिसेंबर २०१३ पासून आपल्या पाण्यात येणाऱ्या मोठ्या जहाजांना, जिथे वंगणाचा पाण्याशी संबंध येतो तिथे, लवकर विघटन होणारी आणि जलचरांना अपाय न करणारी वंगणं बंधनकारक केली. तांत्रिकदृष्ट्या शक्य नसेल तरच सूट. आपल्याकडच्या छोट्या बोटींवर असं बंधन नाही, पण वनस्पती तेलापासून किंवा कृत्रिम एस्टरपासून बनवलेली अशी ग्रीसं मिळतात. गोड्या पाण्याच्या जलाशयावर बोट चालवणाऱ्याने त्यांचा विचार जरूर करावा. एकलहऱ्यावरून पुढे गेलेली गोदावरी निफाड तालुक्यात नांदूरमधमेश्वरला पोहोचते. २०२० मध्ये रामसर यादीत गेलेली ही महाराष्ट्रातली पहिली पाणथळ जागा. वरच्या अंगाला पाण्यात सुटलेलं तेल खाली कुठेतरी पोहोचणारच. अर्थात सगळ्यात कमी प्रदूषण करणारं ग्रीस म्हणजे कमी घातलेलं ग्रीस, आणि ते कोणत्याही डब्यातलं असलं तरी खरं आहे. काही तास बोट चालल्यावर वाटीचं झाकण एखादा फेरा आणि बंदरात बांधण्यापूर्वी एखादा. एवढ्याने भागत नसेल तर पॅकिंग बघायची वेळ झालेली असते.

दोन ग्रीसं मिसळू नयेत, हे फिटर मंडळींना माहीत असतं पण वाटीत उरलेलं काढायचा कंटाळा येतो. लिथियमच्या ग्रीसवर चिकणमातीने घट्ट केलेलं ग्रीस पडलं की दोघांची जाळी एकमेकांना मोडतात आणि घट्टसर लगद्याचं पातळ सूप होतं. दोन्ही ग्रीसं वेगवेगळी उत्तम असतात. एकत्र आली की सकाळी बोटीच्या तळाशी, बिल्जमध्ये, तेल तरंगताना दिसतं. कॅल्शियम सल्फोनेट आणि लिथियम यांचं कधी जमतं, कधी नाही, म्हणून ग्रीस बदलायचं तर पॅकिंगच्या कामाबरोबरच बदलावं. वाटी, नळी, पोकळ कडं सगळं रॉकेलने धुऊन, वाळवून. निप्पलमध्ये ग्रीस भरायच्या गनच्या नळीतही मागच्या मोसमातलं ग्रीस उरलेलं असतं. पहिले काही दाब वर्तमानपत्राच्या तुकड्यावर काढावेत, नव्या ग्रीसचा रंग दिसेपर्यंत, आणि मगच गन निप्पलला लावावी.